उजवी तर्जनी

बावीस रियालला घेतला. प्रोजेक्ट गुंडाळताना
स्टोअरच्या टेबलावर मांडले होते एकोणीस,
लिलावातल्या मासळीसारखे, पोट खाली.
मी आपला वजन बघून उचलला.
बुडाला चिकटवलेलं: मालमत्ता क्रमांक ०४१७.
नखाने खरवडलं. निघालं नाही.

विंडोजला कंपनीचं कुलूप
आणि कंपनीच उरली नव्हती.
शुक्रवारी जुबैर परकार आला,
दाभोळचा, सोहार पोर्टवर क्रेनचं इलेक्ट्रिकल बघतो,
खिशात पेनड्राइव्ह, हातात करक चहाचे दोन कागदी कप.
म्हणाला, लिनक्स टाक. फुकट आहे.
पण फुकटचं पचायला वेळ लागतो.

अकरा मिनिटांत चढलं.
वायफाय मात्र नाही.
वायफायला जी फाईल लागते
ती वायफायवरूनच आणायची म्हणे.
जुबैर हसला: व्हिसा हवा तर नोकरी दाखव,
नोकरी हवी तर व्हिसा.
शेवटी माझा फोन वायरने जोडला
आणि आजाऱ्याला पेज पाजावी तसं
थोडं थोडं नेट पाजलं.

आवाजाच्या यादीत एकच नाव, डमी आउटपुट.
एक ओळ लिहिली, बंद, चालू.
ती खोडून दुसरी, बंद, चालू.
बाहेर फलजच्या रस्त्यावर ट्रेलर
मशिदीपुढे हळू होत होते, पुन्हा गिअर टाकत होते.
सातव्या खेपेला, एसीच्या घरघरीखाली,
टुण्, असं काहीतरी झालं
आणि आम्ही पन्नाशीच्या दोघांनी
शाळकरी पोरांसारखी टाळी दिली.

कॅमेऱ्याने नाकी नऊ आणले.
काळं. नुसतं काळं.
ड्रायव्हर बदलला, कर्नल बदललं,
जुबैरने अम्मीसमोर देणार नाही अशी शिवी दिली,
दोन तास गेले, बिर्याणी गार झाली.
मग घाम पुसता पुसता अंगठा वर लागला.
भिंगापुढे सरकतं झाकण होतं, तिळाएवढं,
कुणीतरी लावून ठेवलेलं.
सरकवलं.
समोर मी. बनियनवर. तोंड उघडं.

कुणीतरी म्हणजे वाएल.
ते कळलं नंतर, बोटाच्या पट्टीपाशी.
उजवी तर्जनी ठेवा, म्हणाली. ठेवली.
जागा शिल्लक नाही, म्हणाली.
आत अजून आधीच्या माणसाची बोटं,
दहाच्या दहा.
स्टोअरच्या वहीत पाहिलं: ०४१७, वाएल, प्लॅनिंग.

माझे रमजानमधले सहा तास ओव्हरटाइम
त्याने याच कळांवर कापले होते.
विसरलेलो नाही.
व्हिसा रद्द झाला तेव्हा मस्कतच्या बसमध्ये चढताना
खिसे चाचपत होता, काही राहिल्यासारखा.
विचारायला हवं होतं काय राहिलं.
मी नुसता हात हलवला.

सुरू होतानाच्या निळ्या पडद्यावर पर्याय आहे:
सर्व ठसे पुसा.
एकेक पुसायची सोय नाही.
दाब की, जुबैर म्हणाला, तंतामध्ये बसून
त्याला काय कळणार आहे?
खरं आहे.
आणि माझी बोटं तशीही कोण वाचतंय.
रेसिडेंट कार्डाच्या खिडकीशी त्या बाईने
तीनदा पुसायला लावली होती, चौथ्यांदा
काचेवर स्वतः दाबून धरली,
व्हॉल्व्ह फिरवून फिरवून रेषा गेल्यात म्हणून.

बाहेर आलो त्या पडद्यातून, काही न बदलता.
जुबैरने कप चुरगाळला, म्हणाला,
कोकणातला माणूस आणि फुकटची अडचण.

आता पहाटे पाचला, शिफ्टची बस यायच्या आधी,
झाकण उघडतो. बहुतेक वेळा जागा होतो.
नाही झाला तर बटण दाबून धरायचं, दहापर्यंत मोजायचं.
पट्टी विचारते, बोट?
मी पुढे जातो. पासवर्ड.
कळांवर इंग्रजी, कोपऱ्यात अरबी,
इतक्या वर्षांत कुणाच्या तरी बोटांनी
नून आणि सीन पुसट झालेले.
मराठी कुठेच छापलेली नाही.
ती मी अंदाजाने लिहितो,
चुकते, पुन्हा लिहितो.